कोटाखालचं घर

वाळवीचं औषध मारायला माणसं येणार होती, म्हणून कपाटं रिकामी करून मी सगळं सामान बाहेरच्या खोलीत आणून ठेवत होते. माझे वडील, आप्पा, सकाळपासून बाल्कनीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांच्या मांडीवर ते पत्र्याचं नळकांडं होतं. हातभर लांब, एका टोकाला झाकण, झाकणाच्या कडेनं मेण.

"द्या ते, बाकीच्या सामानात ठेवते," मी म्हटलं.

त्यांनी ते छातीशी धरलं. "ती माणसं कोण आहेत?"

"औषधवाली."

"कोणी पाठवली?"

"सोसायटीनं, आप्पा."

"तू त्यांची ओळखपत्रं बघितलीस?"

आप्पा पंच्याऐंशीचे आहेत. दोन वर्षं झाली, इकडे कानडी मुलखात, येलहंक्याला आमच्याकडे असतात. त्यांचा सगळा जन्म समुद्राकाठच्या एका किल्ल्याची राखण करण्यात गेला, आणि आता सातव्या मजल्यावरून ते आमच्या इमारतीची राखण करतात. डबे पोचवणारी पोरं कुठल्या जिन्यात शिरली आणि बाहेर आली की नाही, हे त्यांना ठाऊक असतं. विमानतळाच्या बाजूनं हवाई दलाचं विमान घरघरत वरून गेलं की ते मान वर करतात आणि विचारतात, "आपलंच ना?" फाटकावरचा पहारेकरी त्यांना 'अज्जा' म्हणतो, सलाम करतो. आप्पांचा त्याच्यावर विश्वास नाही. म्हणतात, "हा कोणाला अडवतच नाही. न अडवणारा पहारेकरी कसला?"

औषधाच्या वासात त्यांना बसवता येईना, म्हणून मी त्यांना खाली बागेत नेलं. नळकांडं बरोबर आलंच. बाकावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली, हात सैल पडला, आणि उन्हानं मऊ झालेल्या मेणातून झाकण किंचित सरकलं. आधी कापराचा वास आला. मग कडुनिंबाच्या सुक्या पाल्याचा. आणि त्याच्या खालून, अगदी तळातून, कोटाचा.

आमच्या गावात किल्ला कोणी म्हणत नसे, कोट म्हणत. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला गावाकडे जाणारी जमिनीची चिंचोळी मान. जांभ्या दगडाची भिंत पावसात काळी पडायची आणि उन्हाळ्यात पुन्हा तांबूस व्हायची. त्या भिंतीला ओल्या चुन्याचा, शेवाळाचा आणि पाकोळ्यांचा मिळून एक वास होता. तो अंगाला लागायचा. शाळेत बाई म्हणायच्या, कोटातली मुलगी डोळे मिटून ओळखता येते.

वैशाखात तोफा इतक्या तापायच्या की आई त्यांच्यावर फडकी पसरून आमसुलं वाळवायची. एका तोफेच्या तोंडात साळुंकीचं घरटं असायचं. भिंतीत बंदुकांसाठी ठेवलेली तिरपी भोकं होती, त्यांना जंग्या म्हणत. वारा त्यांतून शिरला की प्रत्येक जंगीचा सूर वेगळा निघायचा. डोळे मिटून नुसत्या सुरावरून वारा कुठला ते मी आणि रंजना सांगायचो. दक्षिणेकडून खालचा वारा सुटला की तिसरी जंगी म्हातारीसारखी कण्हायची.

रंजना कोटाखालच्या घरात राहायची. कोटाला समुद्राच्या बाजूनं एक लहानसं दार होतं, माणूस वाकून जाईल एवढं. त्याला दर्यादिंडी म्हणत. दिंडीतून पन्नास पायऱ्या उतरल्या की वाळू, आणि वाळूच्या कडेला ते एकच घर. कौलारू, बुटकं, अंगणात उलटी घातलेली होडी, कुंपणावर जाळी. जाळ्यांना झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवत, त्याचा तुरट वास आणि सुकत घातलेल्या बांगड्यांचा वास त्या अंगणात एकमेकांत मिसळलेला असायचा. तिची आई, चंद्राकाकी, मला तांदळाच्या भाकरीवर नारळाचा रस घालून द्यायची. मी ती खायची, आणि घरी सांगायची नाही. सांगायचं नाही हे मला कोणी शिकवलं होतं, आठवत नाही.

कारण ते घर फितुराचं होतं.

ही गोष्ट मी आप्पांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली होती की झोपेतही म्हणून दाखवली असती. सरकारी खात्यानं त्यांना राखणीला नेमलं होतं, पण नेमणुकीच्या कितीतरी आधीपासून कोट आमच्याच घराकडे होता. आमचा एक पूर्वज इथला हवालदार, म्हणजे सगळ्या शिबंदीचा मुख्य. शनिवार-रविवारी पाहुणे यायचे. आप्पा खाकी टोपी सारखी करून पुढे व्हायचे आणि कोट कोणी बांधला, कोणी जिंकला, भर समुद्रात पाया कसा घातला, दगडांच्या सांध्यांत शिसं कसं ओतलं, सगळं सांगत त्यांना बुरुजाबुरुजावरून फिरवायचे. शेवटी दर्यादिंडीपाशी थांबायचे. आवाज खाली आणायचे.

"शत्रूची गलबतं महिनाभर समोर उभी. रोज गोळे पडायचे. पण कोट हलला नाही, मंडळी. तोफांनी नाहीच हलला. एका दिवशी भरदुपारी या दिंडीतून एक होडीवाला उतरला. होडी लोटली, आणि थेट शत्रूच्या गलबताकडे. दुसऱ्या दिवशी कोट पडला." मग हात लांब करून खाली बोट दाखवायचे. "त्याचं घर ते. अजून आहे."

माणसं कठड्यावरून वाकून बघायची. फोटो काढायची. खाली अंगणात चंद्राकाकी मासे उलटे करत असायची. ती कधी वर बघत नसे. रंजना बघायची.

शाळेच्या वर्धापनदिनाला मी 'आमचा कोट' या विषयावर बोलले. अकरा वर्षांची होते. आप्पांचा आवाज, आप्पांचं थांबणं, सगळं मला हुबेहूब जमायचं. शेवटच्या वाक्याला मी हात लांब केला. शाळेच्या खिडकीतून कोट कुठल्या दिशेला आहे याचा मी विचार केला नव्हता. बोट मुलींच्या दुसऱ्या रांगेवर गेलं. टाळ्या पडल्या. गुरुजींनी मला पेन्सिलींची पेटी दिली.

घरी जाताना रंजना पायवाटेवर माझ्या पुढे चालत होती. मी धावत गाठलं तर म्हणाली, "तू तेव्हा होतीस काय गो?"

"कधी?"

"होडी गेली तेव्हा."

"नाही."

"मग?"

जंग्यांपाशी ती त्यानंतर आली नाही.

कोटात देवीचं लहानसं देऊळ होतं. पौषात जत्रा भरायची, तेव्हा पहिला दिवा आमच्या घरचा. कोटाखालच्या घरचा नारळ दुसऱ्या कोणाच्या हातून आत जायचा; ती माणसं महादरवाजाच्या उंबऱ्याबाहेरून हात जोडायची. झेंडूचा, गुलालाचा, भाजलेल्या शेंगांचा वास सगळ्या कोटभर असायचा, आणि त्या उंबऱ्याशी येऊन थांबायचा असं मला वाटायचं.

रंजनाशी बोलणं तुटल्याला वर्ष झालं असेल. जत्रेच्या सकाळी देवीचे चांदीचे डोळे जागेवर नव्हते.

कोणी कोणाचं नाव घेतलं नाही. पुरुष एकमेकांकडे बघून चालायला लागले आणि पन्नास पायऱ्या उतरून गेले. पुढे आप्पा. मी वरून, कठड्यावरून बघत होते. त्यांनी भांड्यांची उतरंड उतरवली, तांदळाची कणगी ओतली, होडी सुलटी करून पाहिली. चंद्राकाकी अंगणात उभी होती, दोन्ही हात भाकरीच्या पिठानं माखलेले, अंगापासून लांब धरलेले, जणू हे हात सगळ्यांना दिसले पाहिजेत. वाळूवर सांडलेले तांदूळ टिपायला कावळे आले. मला आठवतं ते एवढंच, की मीसुद्धा कणगीतून काहीतरी चमकतंय का, हेच बघत होते.

चार दिवसांनी डोळे सापडले. देवीच्या जुन्या लुगड्याच्या घडीत, गुरवाच्या बायकोला. ती लुगडं धुवायला काढत होती. देवळात घंटा वाजवली, साखर वाटली. कोटाखाली जाऊन कोणी सांगितलं का, मला ठाऊक नाही. मी सांगितलं नाही.

पाऊस लागायच्या आधी ती माणसं गाव सोडून गेली. होडीत भांडी, जाळी, एक पाटा-वरवंटा, शेळी. रंजना होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेत, कोटाकडे पाठ करून बसली होती. मी तिसऱ्या जंगीतून बघत होते. त्या भोकातून होडी दिसायची, नाहीशी व्हायची, पुन्हा दिसायची, आणि एकदा दिसलीच नाही. तीन पावसाळ्यांत घराची कौलं गेली, मग भिंती. आप्पांचं सांगणं मात्र तसंच राहिलं, फक्त शेवटी ते म्हणू लागले, "त्याचं घर तिथं होतं."

बागेतल्या बाकावर आप्पा जागे झाले. माझी नजर नळकांड्यावर आहे हे त्यांनी पाहिलं आणि झाकण अंगठ्यानं घट्ट दाबलं. वरच्या खिडक्यांतून औषधाचा धूर येत होता.

"काय आहे आप्पा त्यात?"

"जुना कागद. देवीपाशी असायचा."

"कसला?"

"मोडीत आहे. मला मोडी येत नाही." मग थोड्या वेळानं, "कोणालाच येत नाही आता."

मला एकाएकी आठवलं. मी कॉलेजात असताना पुण्याहून जुने कागद गोळा करणारे एक गृहस्थ कोटावर आले होते. घरात काही दप्तर आहे का, असं त्यांनी विचारलं. आप्पा म्हणाले होते, "काही नाही. सगळं वाळवीनं खाल्लं." तेव्हाही मी चहाचा कप धरून दारात उभी होते, आणि देवीच्या कोनाड्यातलं नळकांडं मला तिथून दिसत होतं.

त्या दिवसापासून मी माझ्या वडिलांवर पाळत ठेवू लागले. दुसरा शब्द नाही. ते नळकांडं कुठे ठेवतात, रात्री उशाशी घेतात की पलंगाखाली, आंघोळीला जाताना खोलीची कडी का लावतात. आणि आषाढातल्या एका सकाळी माझे यजमान त्यांना डोळे तपासायला घेऊन गेले, तेव्हा मी कपड्यांच्या घडीखालून नळकांडं काढलं, ओढणीत गुंडाळलं आणि यशवंतपूरला गेले.

तिथं वामनअण्णा राहतात. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आले; घाऊक बाजारात त्यांचं दुकान होतं. त्यांच्या आजोबांनी त्यांना मोडी शिकवली होती. आमच्या इथल्या मराठी मंडळींत त्यांच्या मोडीबद्दल थोडी चेष्टाच व्हायची, पण वाचणारं दुसरं कोणी मला माहीत नव्हतं.

"बसा अक्का. स्वल्प थांबा, भिंग काढतो," ते म्हणाले. पाटावर पांढरं कापड अंथरून त्यांनी कागद इतक्या हळू उलगडला की मला श्वास घेववेना. तपकिरी कागद, लपेटदार ओळी, लेखणी न उचलता लिहिल्यासारख्या. खाली शिक्का. ते ओठ हलवत तासभर वाचत होते. बाहेर गोणी चढवणाऱ्या हमालांचा आवाज येत होता.

"हे तुमच्या हवालदारांनी वरच्या सरकारला लिहिलंय," शेवटी ते म्हणाले. "कोट का दिला, त्याचं कारण. म्हणतात, तोफांची भीती नव्हती. विहिरीत समुद्र शिरला. पाणी खारट झालं. नऊ दिवस माणसं ओलं फडकं चोखून राहिली. मुलं दगावली. तेव्हा मी माझ्या हुकमानं, भरदिवसा, पांढरं निशाण देऊन होडी पाठवली. बोलणं करायला." त्यांनी भिंग एका ओळीवर धरलं. "इथं होडीवाल्याचं नाव आहे. तो जायला तयार नव्हता, असं लिहिलंय. मी शपथ घातली म्हणून गेला. त्याच्यावर बोल येऊ नये."

मी वाकून त्या ओळीकडे बघितलं.

"अजून एक सांगतो, अक्का. वाईट वाटून घेऊ नका." त्यांनी कागद उलटा करून पाहिला. "ही नक्कल नव्हे. शिक्क्यासकट मूळ कागद आहे. मूळ कागद सरकारात पोचायला हवा होता. तुमच्या घरात कसा राहिला?"

घरी येऊन मी नळकांडं पुन्हा घडीखाली ठेवलं. संध्याकाळी आप्पांच्या डोळ्यांत औषध घालताना विचारलं, "आप्पा, त्या कागदात काय आहे ते तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?"

ते वर छताकडे बघत होते. औषध गालावर ओघळत होतं. "माझ्या वडिलांनी एवढंच सांगितलं, जपून ठेव आणि वाचून घेऊ नकोस."

"का, असं नाही विचारलंत?"

"ते विचारलं असतं, तर वाचून घेतल्यासारखंच झालं असतं ना गो."

मग त्यांनी डोळे मिटले. "तू वाचून घेतलास," ते म्हणाले. हा प्रश्न नव्हता. मी हो म्हटलं. कागदात काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं. त्यांनी हाताच्या पंजानं चेहरा पुसला आणि भिंतीकडे तोंड करून निजले. त्यानंतर कित्येक दिवस ते बाल्कनीत बसले नाहीत. कोण आलं, कोण गेलं, विचारेनात.

आणि मी? मी त्याच आठवड्यात रंजनाला फोन करायला हवा होता. शाळेच्या मुलींचा मोबाईलवर ग्रुप आहे, त्यात तिचा नंबर होता. ती कधी काही लिहीत नसे. पण मला वाटलं, आप्पांची तब्येत सुधारू दे. मग वाटलं, वामनअण्णांनी बरोबर वाचलं असेल कशावरून? मग वाटलं, इतक्या वर्षांनी जखम कशाला उघडायची. एकेक कारण मी असं उजेडात धरून बघत होते, आणि प्रत्येक कारण मला आमच्या घरचंच वाटत होतं. श्रावण गेला, दिवाळी झाली. मार्गशीर्षात एका दुपारी मी फोन लावला.

ती पनवेलला मुलाकडे असते. मी एका दमात सगळं सांगितलं, विहीर, निशाण, शपथ. ती म्हणाली, "थांब. आईला फोन देते, तिला सांग." चंद्राकाकी आहे, हेच मला माहीत नव्हतं. नव्वदीची. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्यानं, सावकाश.

"निशाणाचं लिवलंय काय त्यात?" काकीनं विचारलं. आवाज तोच, फक्त बारीक झालेला.

"हो काकी. पांढरं निशाण दिलं असं आहे."

"दिलं नाय. कोटात पांढरं कापड उरलंच नव्हतं, सगळं जखमांना बांधलेलं. होडीवाल्याच्या बायकोनं आपल्या लुगड्याचा पदर फाडून दिला. ती बाळंतीण होती, म्हणून तिच्याकडचं पांढरं कोणी मागितलं नव्हतं." काकी खोकली. "माझ्या सासूनं मला लग्न झालं त्याच आठवड्यात सांगितलं. तिला तिच्या सासूनं."

"मग काकी, तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"कोणाकडे बोलू? तुझ्या बापाकडे? तो बोलायला लागला की मध्ये कोणाला जागा होती?"

फोन रंजनाकडे गेला. तिच्या मागे कुकरची शिट्टी वाजली.

"कागद वाचलास कधी?"

"आषाढात."

"आणि आता मार्गशीर्ष."

"मला वाटलं..."

"काय वाटलं ते नको सांगूस." मग म्हणाली, "पौषात जत्रा आहे. घेऊन ये. सगळ्यांसमोर वाचायचा, दरवाजाच्या आत उभं राहून. आईला मी उचलून आणीन."

"आधी फोटो पाठवू का तुला?"

"फोटो नको. मूळ कागद आण. आणि वाचणारा तुझा नको, मी बघते माणूस."

तिला माझ्यावर विश्वास नव्हता, आणि ते तिनं लपवलंही नाही. मला राग आला नाही. उलट इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी योग्य माणसावर संशय घेत होतं, असं वाटलं. इथं राहून राहून जिभेला बसलेला शब्द तोंडून निघून गेला.

"सरी."

"काय?"

"बरं, म्हटलं."